दोन मिलिमीटरची फट

११ जानेवारी २०१९. रुपये अडतीस हजार चारशे पन्नास फक्त. साकोलीच्या आमच्या महाविद्यालयाच्या खरेदी समितीने त्या दिवशी भौतिकशास्त्र विभागाला एवढी रक्कम मंजूर केली आणि तपशिलात मी लिहिले: 'न्यूट्रॉन स्रोताच्या टार्गेटची पितळी प्रतिकृती, एक नग.' वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी या कार्यालयात लागलो तेव्हापासून हिशेबच लिहितो आहे. बाके, परीक्षानळ्या, गॅदरिंगचा मंडप, सगळे लिहून झाले. असा नग मात्र पहिल्यांदाच लिहीत होतो.

मागणी होती करुणा नंदागवळी मॅडमची. त्या आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवत. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याचेच मानधन, तेही उशिरा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. नागपूरहून पीएच.डी. करून आलेली मुलगी, पण कायम जागा निघत नव्हती.

बैठकीत प्राचार्यांनी विचारले, "मॅडम, टार्गेट म्हणजे काय? नेमबाजी चालू करून राहिले का तुम्ही?"

"नेमबाजीच आहे सर," त्या म्हणाल्या. "फक्त गोळी प्रोटॉनची असते."

सगळे हसले. मॅडमनी चहाबरोबर आलेली बिस्किटे उचलली आणि बशीत एकामागे एक उभी केली, मध्ये थोडी थोडी फट ठेवून. मग एक पेन बिस्किटांवर रोखले.

"हे पेन म्हणजे यंत्रातून वेगाने आलेला प्रोटॉनचा झोत. तो सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. ही बिस्किटं म्हणजे टंगस्टन धातूचे पत्रे. ठोका बसला की पत्र्यातल्या अणूंमधून न्यूट्रॉन उडतात. ठोका अगदी क्षणाचा असल्यामुळे न्यूट्रॉन कधी निघाले ते आपल्याला पक्कं माहीत असतं. किती वेळाने पोचले त्यावरून त्यांचा वेग कळतो. त्या न्यूट्रॉनांनी धातूच्या आतली चीर दिसते, मातीच्या आत मुळांनी ओढलेलं पाणी दिसतं. एक्स-रेला असं पाणी दिसत नाही."

"मग हे पत्रे कशाला? एकच ठोकळा ठेवा ना," कोणीतरी म्हणाले.

"ठोकळा तापून फुटेल सर. म्हणून पत्रे, आणि फटींमधून पाणी. पण पाणी जास्त झालं की टंगस्टन विरळ होतं, न्यूट्रॉन विखुरतात, झोत कमजोर होतो. पाणी कमी झालं की पत्रा तापतो. झोताच्या बाजूला उष्णता जास्त, म्हणून पुढचे पत्रे पातळ आणि मागचे जाड. किती पातळ, किती जाड, मध्ये किती फट, हेच माझं काम."

निघाल्याची वेळ पक्की पाहिजे, हे मला एकदम पटले. तारीख नसलेले व्हाउचर मी कधी घेतलेले नाही. मी विणकरांच्या घरातला, मोहाडीचा. वडिलांच्या मागाच्या फणीत अशाच फटी असत आणि प्रत्येक फटीतून सूत सारखे ओढले गेले पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. बशीतल्या त्या बिस्किटांकडे पाहताना मला ती फणी आठवली. ठराव मंजूर झाला. बिस्किटे प्राचार्यांनी खाल्ली.

मॅडमची हकिगत मला नंतर तुकड्यातुकड्याने कळली. गाव सिहोरा. वडील आनंदराव पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते, आई सुमनबाई धानाच्या रोवणीला जाई. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात शिकण्याला दुसरा पर्याय नव्हता. लहानपणी करुणा वडिलांबरोबर कालव्यावर फिरे. धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात. वरच्या बांधीत पाणी तुडुंब आणि शेवटच्या बांधीत चिखलसुद्धा नाही, हे तिने पुष्कळ पाहिले होते. पुढे नागपूरला तिने संगणकावर न्यूट्रॉनांचा हिशेब करायचे काम निवडले आणि त्याच ओळखीतून दक्षिणेकडच्या एका संशोधन संस्थेच्या गटात तिला जागा मिळाली. बिनपगारी जागा. गट एका प्रस्तावित यंत्राचे टार्गेट ठरवत होता. ती साकोलीत भाड्याच्या खोलीत बसून आकडे काढी आणि पाठवी.

त्या गटापुढे दोन आराखडे होते. एक मॅडमचा, दोन मिलिमीटर फटींचा. दुसरा तिथल्याच एका अनुभवी अभियंत्याचा, तीन मिलिमीटर फटींचा. मॅडमच्या आराखड्यातून न्यूट्रॉन जास्त मिळत होते. अभियंत्याचे म्हणणे एकच: इतके जवळजवळ ठेवलेले पातळ पत्रे तापले की वाकतील, वाकले की फट बंद होईल आणि फट बंद झाली की टार्गेट गेले. मार्चमध्ये बैठक होती. आराखडा मंजूर झाला तर मॅडमना त्या गटात तीन वर्षांची पगारी नेमणूक होती. नाही झाला तर जूनपासून काहीच नव्हते, कारण आमच्याकडेही कार्यभार घटला होता आणि त्यांचे तास निघणार होते. हे मला कार्यालयात त्यांच्या आधी कळले होते. सांगण्याचे काम माझ्याकडेच आले.

त्या एवढेच म्हणाल्या, "म्हणजे पत्रे वाकायला नकोत, काका."

कामाच्या वेळी त्या मला सर म्हणत, एरवी काका.

प्रतिकृतीसाठी आम्ही भंडाऱ्याला गेलो. टंगस्टन परवडणारे नव्हते. पाणी कसे वाहते आणि पत्रे कसे तापतात हे पाहायला पितळ चालणार होते, आणि पितळाला भंडारा सोडून कुठे जायचे? सुखराम कसारांचे दुकान माझ्या माहितीचे. पुढे दुकान, मागे भट्टी आणि घर. स्टील आल्यापासून धंदा निम्म्यावर आला असला तरी हात तोच आहे.

सुखरामभाऊंनी कागद उलटसुलट करून पाहिला. नऊ पत्रे, आठ फटी, भोवती पेटी, एका बाजूने पाणी आत घ्यायचे तोंड आणि दुसऱ्या बाजूला प्रत्येक फटीची वेगळी नळी.

"कितीची फट म्हणता?"

"दोन मिलिमीटर."

"आन् चुकली तं?"

"चुकायची नाही, भाऊ."

"पाहा मॅडम, माह्या बापानं पाण्याचे गुंड केले, मी गुंड केलो. गुंडाले आतून कोणी मोजत नाही." गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची पितळी घागर.

"हा गुंड मी आतून मोजणार आहे."

"काहून इतकी बारीक पण? थोडी मोकळी ठेवा ना जी."

"फट मोठी केली तं पाणी आळशी होते. मले पळणारं पाणी पाहिजे."

सुखरामभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "धकातेबाबू, हे पोरगी पाण्यालेही कामाले लावते, तुम्ही सांभाळून राहा."

त्यांनी काम चोख केले. दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पट्ट्या पत्र्यांमध्ये ठेवून सांधे जोडले आणि मग पट्ट्या ओढून काढल्या. झाकण भट्टीवर कायमचे बसवले. आम्ही न्यायला गेलो तेव्हा पेटी दुकानात सोन्यासारखी झळकत होती. आतल्या दारात सुखरामभाऊंच्या आई रंभाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"कोणाची लेक होय तू?" त्यांनी मॅडमना विचारले.

"सिहोऱ्याच्या आनंदराव नंदागवळीची."

"लगीन झालं?"

"नाही जी, आजी."

"मंग हे भांडं कोणाच्या घरी चाललं?"

"अवो माय, कालेजात चाललं ते," सुखरामभाऊ म्हणाले.

"असू दे. आण इकडं, पुसून बांधून देते."

पेटी आत गेली. थोड्या वेळाने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, गाठ मारून बाहेर आली. मी बिल घेतले, सही घेतली. साकोलीपर्यंत बसमध्ये मॅडमनी ती पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

प्रयोगशाळेत वर टाकी, खाली टाकी, मध्ये पंप, असे पाणी फिरते ठेवले होते. पत्र्यांना विजेच्या चपट्या पट्ट्यांनी ऊब द्यायची आणि प्रत्येक पत्र्याला चिकटवलेल्या तारेवरून त्याचे तापमान वाचायचे. माझे तिथे काही काम नव्हते. पण साडेपाचला कार्यालय बंद केले की मी जाऊन बसे. घरी पत्नी लेकीकडे पुण्याला गेली होती आणि, खरे सांगायचे तर, आकडे लिहून घ्यायला कोणीतरी हवेच होते.

पहिल्या दिवशी गार पाणी सोडले. गळती नाही. आठही नळ्यांतून सारखे पाणी. मॅडम नळ्यांपुढे अशा उभ्या होत्या, जणू आठ मुले पास झाली आहेत. पाणी आत तसेच ठेवून आम्ही कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी पत्रे तापवले. अर्ध्या तासात तिसऱ्या नळीची धार बारीक झाली. मग ती थेंबाथेंबाने पडू लागली. तिसऱ्या आणि चौथ्या पत्र्याचे तापमान चढत गेले. बाकीचे जिथल्या तिथे होते. मॅडमनी वीज बंद केली आणि स्टुलावर बसल्या.

"तो म्हणाला तसंच झालं," त्या म्हणाल्या. तो म्हणजे तीन मिलिमीटरवाला अभियंता. "तापले, वाकले, फट बंद."

गृहीत धरलेला आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा जुळला नाही की जे तोंड होते ते मी पुष्कळांचे पाहिले आहे. तसेच त्यांचे झाले होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वडील होते. फोन समोर ठेवूनच त्या बोलल्या, त्यामुळे मलाही ऐकू आले.

"झालं का वं तुह्यं?"

"नाही बाबा. एका फटीत पाणी जाऊन नाही राहिलं."

"म्हणजे तू दिवसभर पाणी कुठं गेलं, कुठं नाही गेलं, हेच पाह्यत बसते ना?"

"हो."

"मी जिंदगीभर तेच केलो. मले तं कोणी डॉक्टर म्हटलं नाही!"

मॅडम हसल्या आणि फोन ठेवला. मग एकदम उठून म्हणाल्या, "काका, पत्रे आता गार झालेत. गार झाल्यावर ते सरळ व्हायला पाहिजेत. धार परत यायला पाहिजे."

पंप चालू केला. धार आली नाही. गार पाणी, गार पत्रे, आणि तिसरी नळी थेंब थेंब.

"कायमचे वाकले असतील," मी म्हणालो.

"एवढ्याशा उष्णतेने? नाही." त्यांनी पुन्हा ऊब दिली. तापमान चढू लागले. त्या खालच्या टाकीवर वाकून पाणी पाहत होत्या. एकदम त्यांनी मान वर केली.

"तुम्ही डबा उघडला का?"

"माझा डबा दुपारीच संपला. आणि त्यात पोळी होती."

त्यांनी टाकीत बोट बुडवले, नाकाशी नेले. मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला वाटले, यांना ताप आला.

"चिन्नोर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चिन्नोर शिजून राहिला, काका. आत भात होऊन राहिला."

मी वाकलो. खरेच वास होता. चिन्नोर हा आमच्या जिल्ह्यातला वासाचा बारीक तांदूळ. कोणाच्या घरी शिजला तर रस्त्यावर कळतो. यात चूक होणे शक्य नव्हते, सिहोऱ्याच्या मुलीची तर नाहीच. कोरडा दाणा दोन मिलिमीटरच्या फटीत सहज शिरतो. पण रात्रभर पाण्यात भिजून फुगला की अडकतो, आणि एक अडकला की मागचे त्याच्यावर येऊन बसतात. आत यायचे तोंड नेमके तिसऱ्या फटीसमोर होते. हे सगळे मॅडमनी मला उभ्याउभ्या, भराभर सांगितले. बोलता बोलता त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी पेटी भंडाऱ्याला गेली. सुखरामभाऊंनी भट्टीवर झाकण उतरवले. तिसऱ्या फटीच्या तोंडाशी फुगलेल्या दाण्यांचे बूच बसले होते. पत्रे सरळ होते. मॅडमनी पट्टी घालून एकेक फट तपासली. कुठेही वाकलेले नव्हते.

सुखरामभाऊ आतल्या दाराकडे वळले. "माय, तू यात तांदूळ टाकले का वं?"

"टाकले तं."

"काहून?"

"काहून म्हणजे? नवं भांडं लेकीच्या हाती रिकामं देऊ? तुह्या बापाच्या वेळेपासून या उंबऱ्याबाहेर रिकामं भांडं गेलं का कधी?"

"अवो, ते भांडं नोहे. मशीन होय ते!"

"पाणी भरतेत का नाही त्यात?"

"भरतेत."

"मंग भांडंच होय."

रंभाबाई पुढे म्हणाल्या, "आन् रोजचा नाही टाकला मी. चिन्नोर टाकला. पोरगी एवढ्या हौशीनं घेऊन चालली होती." मग मॅडमकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "नुकसान झालं का बाई तुह्यं?"

फटीतले दाणे मॅडमनी तळहातावर काढून घेतले होते.

"सांगता येत नाही, आजी," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना माझ्या परीने धीर दिला. म्हणालो, "हे तर बाहेरचे कारण झाले. तुमच्या आराखड्याची यात चूक नाही. झाकण नीट बसले की पुन्हा चाचणी घ्या, चांगले आकडे येतील, तेच पाठवा. तांदळाचे कशाला सांगायचे?"

"तुम्ही चुकीची नोंद झाली तर खोडता का, काका?"

"खोडत नाही. उलट नोंद करतो. दोन्ही दिसतात."

"मग?"

लाखनी आल्यावर त्याच म्हणाल्या, "तांदूळ इथे पडला. तिथे गंजाचा तुकडा पडेल, सांध्याचा कण सुटेल. तो अभियंता म्हणत होता पत्रे वाकतील, आणि मी महिनाभर फक्त पत्रे वाकत नाहीत हे सिद्ध करायच्या मागे होते. कशानेही फट बंद झाली तर पुढे काय, हे मी विचारलंच नाही. त्याने पण नाही विचारलं. पितळाचे पत्रे किती तापले ते तुम्हीच लिहिलंय. खऱ्या टार्गेटमध्ये दर ठोक्याला तो पत्रा असा तापेल आणि गार होईल. तडकेल तो."

"आणि हे तुम्ही बैठकीत सांगितलं तर?"

"तर तीन मिलिमीटर मंजूर होईल बहुतेक."

हे त्यांना कळत होते आणि तरी त्या सांगणार होत्या, हे मलाही कळले. मी पुन्हा सल्ला दिला नाही. पण त्या रात्री मला वाईट वाटत राहिले. इतकी वर्षे मी हिशेब नीट ठेवला तो नियम म्हणून. नीट हिशेब ठेवल्याने एखाद्याची नोकरी जाऊ शकते, असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता.

दोन दिवसांनी त्या कार्यालयात आल्या. हातात पाठकोऱ्या कागदावर काढलेली आकृती. बांधीला वरून पाणी यायचे तोंड बुजले, तरी शेजारच्या बांधीतून बांध फोडून पाणी घेता येते, हे त्यांनी लहानपणी पाहिलेले. पत्र्यांच्या कडेला, जिथे झोत पडत नाही तिथे, ओळीने बारीक भोके पाडायची. एका फटीचे तोंड बुजले तर शेजारच्या फटीतले पाणी भोकातून तिच्यात उतरेल. टंगस्टन कमी होणार नाही, कारण झोताच्या वाटेत भोक नाही.

मंजूर रक्कम तोवर संपली होती आणि त्या लेखाशीर्षाखाली वाढीव खर्च बसत नव्हता. मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "धकाते, भात शिजवायला अनुदान नसते." त्यांचा विनोद मी आतापर्यंत कोणाला सांगितला नव्हता.

सुखरामभाऊंनी भोके पाडून दिली. या वेळी झाकण स्क्रूने बसवले, खाली रबर देऊन, म्हणजे केव्हाही उघडता येईल. काम झाल्यावर मॅडम रंभाबाईंकडे गेल्या.

"आजी, चिन्नोर द्या थोडा."

"आता कायले?"

"यात टाकायला."

रंभाबाईंनी आधी मॅडमकडे आणि मग सुखरामभाऊंकडे पाहिले. "हे पाह्य! आता मुद्दाम टाकतेत. मंग माह्यावर काहून भडकला होता तू?" त्यांनी ओंजळभर तांदूळ फडक्यात बांधून दिला आणि सांगितले, "उरला तं शिजवून खाजो."

फेब्रुवारीच्या शेवटी चाचणी झाली. आधी तांदळाशिवाय. आठही धारा सारख्या, पत्रे थंड. मग मॅडमनी पेटीच्या तोंडातून दाणे सोडले, रात्रभर भिजू दिले आणि सकाळी ऊब दिली. तिसऱ्या फटीचे तोंड पुन्हा बुजले. मी तिसऱ्या आणि चौथ्या पत्र्याचे आकडे मोठ्याने वाचत होतो. ते थोडे चढले आणि थांबले. मी पुन्हा वाचले. थांबलेच होते. तिसऱ्या नळीतून पाणी येत होते, शेजारच्यांपेक्षा बारीक, पण येत होते. प्रयोगशाळेत भाताचा वास सुटला होता. मॅडमनी आकडे दोनदा माझ्याकडून ताडून घेतले आणि मग पहिल्यांदा खिडकी उघडली.

बैठकीला त्या रेल्वेने एकट्याच गेल्या. परत आल्यावर सांगितले ते असे. त्यांनी सगळे सांगितले, रंभाबाईंसकट. फोटोत फुगलेल्या तांदळाचे बूच पाहून लोक खूप हसले. तीन मिलिमीटरवाला अभियंता हसला नाही. त्याने विचारले, "तुमच्या दोन मिलिमीटरमध्ये तांदूळ अडकला. माझ्या तीनमध्ये अडकला असता का?"

मॅडम म्हणाल्या, "तो दाणा नसता अडकला. त्याहून जाड काहीतरी अडकलं असतं. आणि तुमच्याकडे भोकं नाहीत."

खूप वेळ चर्चा झाली. शेवटी समितीने अडीच मिलिमीटरची फट ठेवली, पत्र्यांच्या जाड्या मॅडमच्या घेतल्या, आणि भोके जशीच्या तशी घेतली. पाण्याच्या वाटेवर गाळणी बसवायचे ठरले. आराखडा ना त्यांचा राहिला, ना त्याचा. तीन वर्षांच्या नेमणुकीऐवजी त्यांना एक वर्षाची मिळाली, वाढवता येण्याजोगी.

"वाईट वाटलं का?" मी विचारले.

"अर्धा मिलिमीटर वाटलं," त्या म्हणाल्या.

जुलैत त्या गेल्या. साकोलीच्या स्टँडवर आनंदराव सिहोऱ्याहून आले होते. सामान बसमध्ये चढवून झाल्यावर त्यांनी मुलीला विचारले, "तिकडं पाणी पुरते का वं?"

"पुरते बाबा."

"मंग काय करतीन तू तिकडं?"

बस हलेपर्यंत दोघे हसत होते. बस गेल्यावर आनंदराव बराच वेळ स्टँडवर उभे राहिले. मी त्यांना चहा पाजला. मुलगी काय काम करते, हे त्यांनी मला विचारले. मी बशी घेतली, बिस्किटे उभी केली आणि मला समजले होते तेवढे सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग एका बिस्किटाच्या कडेला बोट लावून म्हणाले, "भोक इथं पाडलं का तिनं?"

"हो."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि बिस्कीट चहात बुडवले.

पितळी पेटी आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या कपाटात आहे. साठा नोंदवहीत तिचा क्रमांक आहे. मॅडम अधूनमधून फोन करतात. आता त्या खऱ्या टंगस्टनचे पत्रे कापून पाहत आहेत, त्यावर टँटलमचे आवरण चढवायचे असते, ते मध्येच सुटते, असे काही सांगतात. मोठे यंत्र अजून प्रस्तावातच आहे. केव्हा उभे राहील ते त्यांनाही सांगता येत नाही. मी मार्चअखेर निवृत्त होईन.

भोके पाडायचे आणि झाकण स्क्रूने बसवायचे काम सुखरामभाऊंनी बिलाशिवाय केले होते. त्याचे पैसे मी माझ्या खिशातून देतो म्हणालो तेव्हा त्यांनी आकडा सांगितला, पण घेतले नाहीत. "मशीन चालू झालं का? नाही ना? मंग चालू झालं का देजा," म्हणाले. दिवाळीत भंडाऱ्याला गेलो होतो, तेव्हाही घेतले नाहीत. रंभाबाईंनी येताना डब्यात चिन्नोर घालून दिला.

सुखराम कसारांचे तीनशे चाळीस रुपये माझ्याकडून देणे बाकी आहेत.